सोवळ्यातला कॉम्प्युटर

हैदराबादच्या कोठी भागात चष्म्यांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. जिना चढून धापा टाकत आलेलं गिऱ्हाईक आधी माझ्याकडे बघायचं, मग माझ्या पाठीमागे बघायचं आणि मग विचारायचं, "साब नहीं हैं क्या?"

"साब घर में हैं, मेथी साफ कररे," मी सांगायची. "मशीन टेबल पे रखो."

काहीजण हसून मशीन ठेवायचे, काहीजण आल्या पावली जिना उतरायचे. उतरलेल्यांतले बरेचसे पुन्हा चढायचे, कारण त्या काळात मशीन उघडणारे पुष्कळ होते, उघडल्यावर सगळे स्क्रू परत जागेवर लावणारे कमी होते. आमचे साब खरोखरच मेथी फार छान निवडतात. पण तो लेख त्यांनी लिहावा.

मला लिहायला सांगताना संपादकबाईंनी एकच प्रश्न विचारला. म्हणाल्या, "इतकी वर्षं मशीनं दुरुस्त केलीत, तर ती सगळ्यात जास्त कशाने बिघडलेली पाहिलीत?" त्यांना वाटलं मी धूळ म्हणेन, उंदीर म्हणेन, नाहीतर उन्हाळ्यातली ये-जा करणारी वीज म्हणेन. मी म्हटलं, साफसफाईने. त्या फोनवर म्हणाल्या, "कशाने?" तेव्हा आता सविस्तर सांगते.

आम्ही मूळचे बिदरकडचे शेतकरी. वडील नोकरीसाठी हैदराबादेत आले आणि इथलेच झाले. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला तेव्हा देशाची दारं नुकती उघडायला लागली होती. बाहेरचे सुटे भाग मिळू लागले, आबिड्सच्या दुकानांत कॉम्प्युटरचे खोके छतापर्यंत रचले गेले आणि बघता बघता प्रत्येक गल्लीतला एक तरी मुलगा अमेरिकेला निघाला. जाताना तो आईवडिलांना एक कॉम्प्युटर घेऊन देई, ईमेल कसं उघडायचं ते घाईघाईने शिकवी आणि "काही झालं तर या मॅडमना फोन करा" असं सांगून विमानात बसे. त्या हिशेबाने कितीतरी घरांची थोरली लेक मी झाले. लोणच्याच्या बरण्याही मला तशाच मिळाल्या.

सगळ्यांची तक्रार एकच असायची. स्लो हो गया. मशीन नवं असताना त्याचा वेग कितीसा होता, हे कुणालाच आठवत नसायचं, पण आता ते हळू चालतं याबद्दल एकमत असायचं. आणि स्लो झालेल्या मशीनवर जालीम उपाय आमच्याच जिन्याखाली मिळायचा. तिथे जब्बारभाईंची सीडीची टपरी होती. त्यांच्याकडे एक सीडी होती, तिच्यावर एका बाजूला झाडू आणि दुसऱ्या बाजूला आकाशात उडणारं रॉकेट. आत रजिस्ट्री साफ करणारे प्रोग्रॅम. एक बटण दाबायचं, की मशीनच्या पोटातला सगळा कचरा बाहेर आणि मशीन रॉकेट. सीडी हातोहात खपायची. आठवड्याभराने तेच गिऱ्हाईक मशीन काखोटीला मारून माझा जिना चढायचं.

मी एकदा जब्बारभाईंशी भांडायला खाली गेले.

"जब्बारभाई, ये क्या बेचरे आप लोगां कू? चांगली मशीनं मरताहेत याने."

"मैं बेचतूँ, आप सुधारतें," ते चहाची बशी माझ्याकडे सरकवत म्हणाले. "दोनों घरों का चूल्हा जलरा. आप काइकू परेशान होरे?"

चहा चांगला होता. भांडण तिथेच मिटलं.

आता ही रजिस्ट्री म्हणजे काय, ते सांगते. घाबरू नका, सोपं आहे. विंडोजवर चालणाऱ्या प्रत्येक कॉम्प्युटरच्या पोटात एक भलीमोठी नोंद असते. कुठला प्रोग्रॅम कुठे राहतो, प्रिंटर कुठल्या हाकेला ओ देतो, आवाज काढायचा असेल तर कुणाला उठवायचं, अशा सगळ्यांचे पत्ते तिच्यात असतात. मशीन प्रत्येक कामाआधी तिथे डोकावून बघतं.

आपल्या हैदराबादचे पत्ते कसे असतात ते आठवा. "बंद पडलेल्या टॉकीजच्या समोर, पूर्वी लोहाराचं दुकान होतं त्या बोळात, चिंचेमागचं घर." टॉकीज पाडून जमाना झाला, लोहार मुलाकडे निघून गेला, चिंच रस्तारुंदीत गेली. तरी पोस्टमन बरोबर घरी येतो, कारण त्याला टॉकीज होती कुठे हे ठाऊक असतं. आता समजा एखाद्या हौशी अधिकाऱ्याने ठरवलं की जे अस्तित्वात नाही त्याचं नाव पत्त्यात नको. टॉकीज नाही, खोडा. लोहार नाही, खोडा. चिंच नाही, खोडा. शहर एकदम स्वच्छ! फक्त तुमच्या घरी पत्र येईनासं होतं.

रजिस्ट्री साफ करणारा प्रोग्रॅम म्हणजे हा अधिकारी. तो प्रत्येक नोंद उचलून विचारतो, तू ज्याचं नाव सांगतेस तो आहे का जागेवर? नसेल तर चूक. अशा चुका तो मोजतो आणि लाल अक्षरात दाखवतो. त्यांतल्या बऱ्याचशा खरंच मेलेल्या असतात, त्या काढल्या तरी कुणाचं बिघडत नाही. पण ठेवल्या तरीही कुणाचं बिघडत नाही. एखादी जुनी पाटी रस्त्यावर राहिली म्हणून ऑटोरिक्षा हळू चालत नाही. मी दुकानातल्या मशीनवर घड्याळ लावून बघितलं होतं. साफ करण्याआधी आणि साफ केल्यावर, चालू व्हायला मशीनला तेवढाच वेळ लागला. फरक पडायचा तो फक्त मशीनच्या मालकाच्या चेहऱ्यात. हिरवी बरोबरची खूण पडद्यावर आली की माणूस असा काही खुलतो, की त्याला घड्याळ दाखवायचं पाप करवत नाही.

आमच्याच गल्लीत दातांचे डॉक्टर राव होते. त्यांच्या मशीनवर हे असले चार प्रोग्रॅम एकाच वेळी नांदत होते. पहिला साफ करून जायचा, दुसरा पहिल्याने मागे ठेवलेला कचरा शोधायचा, तिसरा दुसऱ्याचा. मशीनचा निम्मा दिवस एकमेकांच्या चुका काढण्यात जायचा. डॉक्टर मात्र खूश. रक्तदाब सांगावा तसा चुकांचा रोजचा आकडा मला जिन्यात थांबवून आपल्या तेलुगू-हिंदीत सांगत.

"मॅडमगारू, आज सत्तरच निकले! कल दो सौ थे. इम्प्रूव्हमेंट उंदि!"

शेवटी मशीन बंदच पडलं तेव्हा त्यांनी मला बोलावलं. उघडून बघते तर आतला पंखा कापूस आणि पांढऱ्या भुकटीने गच्च भरलेला. मशीन तापून हळू व्हायचं ते त्यामुळे. ब्रशने पंखा साफ केला, थोडी मेमरी वाढवली, चारही झाडूवाले काढून टाकले. मशीन टुणटुणीत झालं. मग मला उपदेश केल्याशिवाय राहवेना.

"डॉक्टर, जो दात दुखत नाही तो तुम्ही रोज कोरता का?"

"पेशंट अडिगिते चेस्तां," डॉक्टर शांतपणे म्हणाले. पेशंटने मागितलं तर करतो. "क्लीनिंग से कोई डेंटिस्ट भूखा नहीं मरा, मॅडमगारू. आप भी बाहर एक बोर्ड लगाओ."

जिना चढताना बोर्डावर काय लिहावं याचा मी विचारही केला.

उगाच सगळंच वाईट म्हणायची माझी सवय नाही. कधीकधी एखादा प्रोग्रॅम काढून टाकला तरी अर्धवट राहतो आणि त्याच्या जागी दुसऱ्याला येऊ देत नाही. जुना भाडेकरू गेला तरी दाराला स्वतःचं कुलूप ठोकून गेला, असं. अशा वेळी मीही रजिस्ट्रीत हात घालायची. पण आधी तिची पूर्ण प्रत बाजूला काढून ठेवायची, मग नेमकी ती एक नोंद नावानिशी शोधून काढायची आणि हात बाहेर. कुणाची नोंद हे माहीत असताना एक काढणं निराळं आणि डोळे मिटून सगळ्यांना झाडून काढणं निराळं. एवढंच माझं या विषयातलं ज्ञान. ते मी ज्यांना सगळ्यात जास्त वेळा ऐकवलं आणि ज्यांच्यावर त्याचा शून्य परिणाम झाला, ते म्हणजे विद्यानगरचे नाना.

नाना वीज खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचं घर माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. घरात ते आणि त्यांची मुलगी वसुधा, दोघंच. वसुधा शाळेत शिकवायची, माझ्याच वयाची, माझी मैत्रीण. नानांची बायको लवकर गेली तेव्हा धाकटा मिलिंद अगदी लहान होता. त्याला न्हाऊ घालण्यापासून गणित शिकवण्यापर्यंत सगळं वसुधानेच केलं. तिचं लग्न त्या सगळ्यात राहून गेलं. मिलिंद मोठा झाला, सॉफ्टवेअरमध्ये गेला, अमेरिकेला गेला, तिथेच स्थिरावला. आणि त्याला मुलगा झाला.

वसुधाने भाच्यासाठी दुपटी शिवली आणि व्हिसासाठी चेन्नईला जाऊन आली. व्हिसा मिळाला नाही. एकटी बाई, नवरा नाही, मूल नाही, परत येईल कशावरून, असा त्यांचा सवाल. हे ती मला हसत हसत सांगत होती. "म्हटलं, अहो, नाना आहेत ना घरी, त्यांना सोडून मी कुठे जाणार? तर म्हणे, नेक्स्ट." मग तिने हसणं थांबवलं आणि म्हणाली, "रेखा, मी त्या बाळाची आत्या आहे गं. त्याचं नाव मी नाही ठेवायचं तर कुणी?"

आपल्याकडे बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. तिथे अमेरिकेत सुनेच्या, म्हणजे मीनाच्या, एका मैत्रिणीला मानलेली आत्या करायचं ठरत होतं. पण मिलिंद गुणी मुलगा. त्याने बहिणीला कळवलं, "ताई, नाव तूच ठेवायचंस, आणि ते कॉम्प्युटरवरून." त्यांच्या शनिवारी संध्याकाळी बारसं, म्हणजे आपल्या रविवारी सकाळी. दोन्हीकडे मॉनिटरवर छोटा कॅमेरा बसवायचा, इकडे माइक, तिकडे स्पीकर. फोनच्या तारेवरून चालणारं तेव्हाचं ते इंटरनेट. त्यावर चित्र हलायचं नाही, थांबून थांबून बदलायचं. पण दिसायचं.

शनिवारी जाऊन मी सगळं जोडून दिलं. मिलिंदचा आवाज खणखणीत आला. तो बाळाला कॅमेऱ्यासमोर आणायला निघाला तर वसुधानेच अडवलं. "आत्ता नको. बारशालाच बघीन." तिने तोवर बाळाचा एक फोटो तेवढा पाहिला होता आणि त्यात त्याचे डोळे मिटलेले होते. निघताना मी नानांना हात जोडून सांगितलं, "नाना, आता उद्यापर्यंत याला हात लावू नका."

नाना म्हणजे स्वच्छतेचा अवतार. त्यांच्याकडे साधी सत्यनारायणाची पूजा असली तरी घरातलं प्रत्येक भांडं चिंचेने घासून निघे, पंख्याची पाती पुसली जात आणि शेगडीमागच्या भिंतीवर जिथे कुणाची नजर जाणार नाही तिथेही ओलं फडकं फिरे. मंगलकार्य अस्वच्छ जागी होत नाही, हा त्यांचा ठाम विश्वास. मी हात जोडले तेव्हाही ते उपरण्याने मॉनिटर पुसत होते. तेव्हाच मला कळायला हवं होतं असं मी म्हणणार नाही. नाना बऱ्याचदा काहीतरी पुसतच असत.

रविवारी सकाळी वसुधाचा फोन आला. "रेखा, जल्दी ये. आवाज गेला."

"कुणाचा? तुझा?"

"मशीनचा. अगं, नानांनी," एवढं म्हणून तिने फोनच ठेवला.

मी पिशवी घेऊन धावले. दाराला आंब्याच्या पानांचं तोरण. वसुधा नारायणपेठी नेसलेली, केसात गजरा, चेहरा उतरलेला. कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलेलं, समोर पेढ्यांची ताटली. आणि शेजारी नाना. रेशमी सोवळं, ओले केस, कपाळाला गंध. देवघरातून उठून थेट मशीनपुढे आलेले.

"नाना, काय केलात?"

"काही नाही केलो. साफ केलो. बाळाचं शुभकार्य आहे, मशीन शुद्ध नको काय?"

"रजिस्ट्री साफ केलीत?"

"हौ. सोवळ्यात बसून केलो. काय घाण निघाली म्हणतीस!"

"अहो, पण साफ करण्याआधी तो प्रोग्रॅम विचारतो, जुन्याची प्रत ठेवू का म्हणून. त्याला काय सांगितलंत?"

"नक्को म्हणून सांगितलो." नाना माझ्याकडे मी वेडी असल्यासारखं बघायला लागले. "केर काढल्यावर केराची प्रत कोण ठेवतं गं?"

तर्कात चूक काढायला जागा नव्हती. झालं होतं असं, की आवाजाच्या कार्डाच्या नोंदीत एका जुन्या फोल्डरचा पत्ता होता. ते फोल्डर नानांनी आदल्या साफसफाईत आधीच केरात काढलेलं. मग झाडूवाल्याने बघितलं, हिने सांगितलेलं घर तर जागेवर नाही, म्हणून नोंदही उडवली. मशीनला आता आपल्याला आवाज आहे हेच माहीत नव्हतं.

मी धीर सोडला नाही. विंडोज आपल्या मनाने रजिस्ट्रीच्या काही प्रती गुपचूप बाजूला ठेवत असे. अडीअडचणीला त्या परत घालता येत. मी त्या जागी गेले. फोल्डर आरशासारखं लख्ख रिकामं होतं.

"तिथे लई जुन्या फायली पडल्या होत्या," नाना मागून म्हणाले.

"मग कार्डाबरोबर आलेली सीडी तरी द्या. ती कुठे ठेवलीत?"

नाना गॅलरीकडे बघायला लागले. वसुधाही गॅलरीकडे बघायला लागली. तिथे दोऱ्याला टांगलेल्या सीड्या उन्हात चमचमत गोल फिरत होत्या. कबुतरं येऊन घाण करतात म्हणून.

त्यातली आमची कुठली ते शोधून काढली, साबणाने धुतली, नानांच्या उपरण्याने पुसली आणि मशीनमध्ये घातली. मशीनने ती घरघर करत बराच वेळ चाटली आणि मध्येच नाद सोडला. पडद्याच्या कोपऱ्यात तिकडून मिलिंदचे शब्द उमटत होते. लिहिणं तेवढं चालू होतं. "ताई, काय झालं? आवाज का नाही येत? सगळे जमलेत." मग, "पाळणा म्हणून झाला." मग, "लोकांना जेवायचं आहे गं. मीनाची मैत्रीण तयार आहे, पण मी तुझ्यासाठी थांबतो. थोडा वेळ."

वसुधाने ते वाचलं आणि ती माझ्याकडे बघत राहिली. मी आयुष्यात पुष्कळ मशीनं उघडली, पण कुणी असं माझ्या हातांकडे बघत असताना नाही.

शेवटचा उपाय उरला होता. विंडोजच्या पोटात कुठल्याही कार्डाला कामचलाऊ चालेल असा आवाजाचा एक साधा प्रोग्रॅम असतो. तो बसवला. पण त्याचा एक घोळ होता. तो एका वेळी एकाच बाजूची वाहतूक सोडायचा. बोलायचं असेल तर ऐकू येणार नाही, ऐकायचं असेल तर बोलता येणार नाही, आणि बाजू बदलायची तर सगळं बंद करून पुन्हा जोडायचं. फोनची लाईन पुन्हा लागेलच याची खात्री नव्हती.

"वसुधा, एकच होईल," मी सांगितलं. "तू त्यांना ऐकू शकशील किंवा ते तुला. दोन्ही नाही."

नाना सोवळ्यातच खाली जमिनीवर बसले होते. त्यांचा आवाज एकदम लहान झाला. "हे सोड. सरळ फोन लावू या. फोनवर दोन्ही होतं."

"फोनवर बाळ दिसत नाही, नाना," वसुधा म्हणाली. "मी त्याला अजून बघितलं नाही. तोंड न बघता नाव कसं ठेवू?"

"मी बारसं नासवलो काय गं?"

"नाही हो नाना." ती त्यांच्या खांद्याला हात लावून खुर्चीत येऊन बसली. "रेखा, मला बोलायचं आहे. ऐकू नाही आलं तरी चालेल. लहानपणी मिलिंद तरी कुठे ऐकायचा माझं? मी बोलतच होते."

मी माइक चालू केला. ती म्हणाली, "मिलिंद, ऐकू येतंय?" आम्ही तिघं त्या कोपऱ्याकडे बघत राहिलो. बऱ्याच वेळाने शब्द उमटले. "येतंय! तुटक येतंय, पण येतंय. स्पीकर बाळाच्या कानाशी धरतो."

चित्र बदललं. पाळण्याभोवती ठेवणीतल्या साड्या नेसलेल्या बायका. पुन्हा बदललं. मिलिंदच्या हातात दुपट्यात गुंडाळलेलं बाळ, ते दुपटं वसुधानेच शिवलेलं. पुन्हा बदललं आणि बाळ अगदी जवळ आलं, पडदाभर. डोळे उघडे होते. चांगले टपोरे, थेट कॅमेऱ्यात रोखलेले.

"अगं बाई," वसुधा म्हणाली आणि काचेवरून त्याच्या गालावर बोट फिरवायला लागली.

"बोल," मी म्हटलं. "लाईन तुटेल."

तिने माइक हातात घेतला, ओठांजवळ धरला आणि त्या पडद्यावरच्या कानाकडे वाकून म्हणाली, "कुर्रर्र. बाळा, तुझं नाव केदार. केदार बरं का. आत्या बोलतेय."

आणि चित्र थांबलं. बाळ तसंच, मिलिंदचं मनगट तसंच, बाळाच्या कानाशी धरलेला काळा स्पीकर तसाच. कोपऱ्यात एकही शब्द नाही. वसुधा माइक धरून बसून राहिली.

"गेलं का गं तिकडे?"

मला माहीत नव्हतं. "पुन्हा म्हण," मी म्हटलं. तिने पुन्हा म्हटलं. नानांनी मशीनपुढे हात जोडले. चित्र हललं नाही. मानलेल्या आत्याने एव्हाना काम उरकून टाकलं असेल, असं माझ्या मनात आलं, आणि तेच वसुधाच्याही मनात आलेलं मला दिसलं. तिने माइक हळूच खाली ठेवायला घेतला.

तेवढ्यात चित्र बदललं आणि ते वाकडं होतं. पाळणा तिरका, बायका तिरक्या. पुढच्या चित्रात नुसतं छत. त्यापुढच्यात कुणाचेतरी बांगड्यांनी भरलेले हात आणि सगळं पुसट.

"तिकडची कॅमेऱ्याची वायर ढिली झाली," मी माझं निदान सांगितलं. "टेबलाला धक्का लागतोय."

मग कोपऱ्यात मिलिंदचे शब्द उमटले. वसुधाने ते मोठ्याने वाचले. "ताई, ऐकलं सगळ्यांनी! दोन्ही वेळा! तू नाव सांगितलंस, आता तुझ्या पाठीत धपाटे नकोत का? सगळ्याजणी मॉनिटरच्या पाठीत घालताहेत. थांबतच नाहीत. कॅमेरा पडणार आता."

नाव सांगून होतं न होतं तोच बाकीच्या बायका वाकलेल्या आत्याच्या पाठीत दणादण धपाटे घालतात, ही आपली रीतच आहे. त्याशिवाय बारसं पुरं होत नाही. पडद्यावरचं चित्र पुन्हा हादरलं, पुन्हा हादरलं. वसुधा डोळे पुसत हसत होती. हसता हसता तिने खुर्ची पुढे ओढली, पदर खांद्यावर घट्ट घेतला आणि पाठ पडद्यापुढे वाकवली.

त्या घरात दुसरी बाई मीच होते. मी स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला आणि दिला एक ठेवून.